मत्स्यपेटींतील विरजण

दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत आमच्या परभणीच्या घरीं कांचेची एक पेटी आली. मुलें तिला फिशटँक म्हणतात. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, उंची एक फूट. पाणी मावतें सुमारें पन्नास लिटर. धाकट्या नातवाचे मामा भाऊबिजेला आले, त्यांनीं ती भाच्यासाठीं आणली होती. पेटीबरोबर हवेचा पंप, स्पंजाचा फिल्टर, रंगीत खडे आणि फुगविलेल्या पिशवींत आठ सोनेरी मासे, असा सारा सरंजाम होता. पाणी भरा, पंप लावा, मासे सोडा, एवढेंच दुकानदारानें सांगितलें होतें. आम्हीं तसें केलें. त्या रात्रीं जेवणें आटोपून घरांतील लहानथोर अकरा माणसें पेटीसमोर बसलीं होतीं, आणि कित्येक वर्षांत असा योग आला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं पाणी किंचित् दुधाळ झालें. स्वच्छतेच्या बाबतींत आमचें घर कडक. ओट्यावर पाण्याचा डाग राहिलेला खपत नाहीं, तेथें हें कसें खपावें? घरांतील मंडळींनीं कंबर बांधून पेटी रिकामी केली, खडे उकळत्या पाण्यानें धुतले, स्पंज नळाखालीं धरून निर्मळ पाणी निघेपर्यंत पिळला आणि उन्हांत वाळवून पुन्हां बसविला. पांचव्या दिवशीं मासे पृष्ठभागीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागले. एक मासा तर कुशीवर कलला. आम्हीं पेटी पुन्हां धुतली. नवव्या दिवशीं शेवटचा मासा गेला.

माशांना खाऊ घालण्याचें काम नातवाकडे होतें. पोरगा सात वर्षांचा. आपल्याच हातून कांहीं तरी चुकलें असें त्याच्या मनानें घेतलें, आणि दोन दिवस तो धड जेवला नाहीं. तिसऱ्या दिवशीं माझ्याजवळ येऊन म्हणाला, “आजोबा, मीं जास्त खाऊ घातला का? पण पाणी तर आपण किती स्वच्छ ठेवलें होतें!” माझी आई नव्वदीच्या घरांत आहे. तिनें आपला निकाल दिला, “मुक्या जिवांचे असे हाल या घरांत नकोत. पुन्हां एक जरी मासा तडफडून मेला, तर पेटी माळ्यावर.”

पोराच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठीं जें वाचलें, जाणत्यांना विचारलें आणि पुढील दीड महिन्यांत स्वतःच्या हातानें केलें, तें येथें लिहीत आहें.

मासा जें खातो त्यांतील प्रथिनांमधला नत्र त्याला बाहेर टाकावा लागतो. आपण तो मूत्रावाटे टाकतों. मासा तो मुख्यत्वेंकरून कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपानें, सरळ पाण्यांत सोडतो. उरलेलें अन्न व विष्ठा कुजली म्हणजे त्यांचाही अमोनियाच होतो. नदींत वा तळ्यांत त्याचें कांहीं चालत नाहीं. पन्नास लिटर पाण्यांत आठ मासे म्हणजे मात्र दारेंखिडक्या लावलेल्या खोलींत आठ शेगड्या पेटविल्यासारखें झालें. अमोनियाला रंग नाहीं, आणि मासे मरण्याइतक्या सौम्य प्रमाणांत आपल्या नाकाला त्याचा वासही लागत नाहीं. त्यामुळें पाणी स्फटिकासारखें दिसत असतां त्यांतच माशांचे कल्ले भाजून निघतात. उलट तिसऱ्या दिवशींचा तो दुधाळपणा, ज्याला भिऊन आम्हीं एवढा खटाटोप केला, तो उरलेल्या अन्नावर वाढणाऱ्या साध्या जंतूंचा होता; दोन-चार दिवसांत तो आपोआप ओसरला असता. जें डोळ्यांना दिसलें त्याची आम्हांला भीति वाटली, आणि जें मारीत होतें तें दिसत नव्हतें.

निसर्गांत अमोनियाचा निकाल लावण्याचें काम दोन प्रकारच्या जंतूंकडे असतें. पहिले अमोनियापासून नायट्राइट करितात. तेंही विषच, तें माशाच्या रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें, आणि रक्त तपकिरी पडतें. दुसऱ्या प्रकारचे जंतु या नायट्राइटचें नायट्रेट करितात. नायट्रेट त्या मानानें पुष्कळच सौम्य, आणि झाडांचें तर तें अन्नच होय. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत राहत नाहींत; खडे, कांच, आणि विशेषेंकरून स्पंजाचीं बारीक छिद्रें यांना धरून ते एक बुळबुळीत पापुद्रा तयार करितात. फिल्टर ही पाण्याची गाळणी आहे, असा आमचा समज होता. गाळण्याचें काम तो करितो खरें. पण त्याचा मुख्य उपयोग या जंतूंना राहावयास जागा आणि वाहत्या पाण्यांतून अखंड प्राणवायु देणें हा आहे. आम्हीं ज्याला स्पंजावरचा घाणेरडा बुळा म्हणून पिळून काढलें असतें, तोच माशांचा प्राणरक्षक होता.

“काढलें असतें” असें म्हटलें, कारण आमच्या पेटींत तो तयार झालाच नव्हता. आपल्या आंतड्यांतला एखादा साधा जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींची चाल फार संथ. सर्व कांहीं मनासारखें असलें तरी दुप्पट होण्यास त्यांना आठ तासांपासून एक दिवस, कित्येकदां त्याहूनही अधिक काळ लागतो. नव्या पेटींत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे जातात. आम्हीं पहिल्या पांच दिवसांतच उकळतें पाणी, नळाच्या पाण्यांतलें क्लोरिन आणि कार्तिकाचें ऊन अशीं तीन शस्त्रें त्यांच्यावर चालविलीं होतीं.

वास्तविक ही गोष्ट मराठवाड्यांतल्या माणसाला अगदींच अपरिचित वाटूं नये. आपल्याकडे गांवाचे दोन भाग मानतात: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या गांवठाणाची, पडक्या भिंतींची व गोठ्यांची पांढरी माती शेतकरी गाड्या भरभरून काळींत नेऊन टाकीत. ती खत म्हणून कां चालते? गुरांच्या मूत्रांतला नत्र याच जंतूंनीं वर्षानुवर्षें खपून नायट्रेट करून ठेवलेला असतो. अशाच मातींतून पूर्वीं सोरा काढीत, आणि त्या सोऱ्याची बंदुकीची दारू होई. गोठ्याच्या भिंतींत जें घडतें तेंच पेटींतल्या स्पंजांत घडावें लागतें, फरक इतकाच कीं, भिंतीला घाई नसते.

या जंतूंचा शोध लागला तोही घाण पाण्याच्याच नादानें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोन शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या एका लांब नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपूं दिलें. वीस दिवस कांहींच झालें नाहीं. मग खालून निघणाऱ्या पाण्यांत नायट्रेट दिसूं लागलें, आणि वाढतच गेलें. ही जर केवळ रासायनिक क्रिया असती, तर वीस दिवस थांबण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद पडलें. क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही तें सुरू होईना. शेवटीं थोडी ताजी माती पाण्यांत कालवून तें पाणी नळींत ओतलें, तेव्हां कांहीं दिवसांनीं क्रिया पूर्ववत् चालू झाली. हा वृत्तान्त वाचला तेव्हां मला हंसूं आलें आणि वाईटही वाटलें. ते वीस दिवस आमच्या आठ माशांना मिळाले नव्हते; आणि ताज्या मातीचें विरजण लावावें, हें आम्हांला सुचलें नव्हतें.

याच्या पुढची कथा एका बापलेकांची आहे. लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें एका कांचपात्रांत सोनेरी मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवून, पाणी न बदलतां तीं सुखानें जगतात हें १८५० सालीं जाहीर केलें. घरांत मत्स्यपेटी ठेवण्याच्या छंदाचा आरंभ करणाऱ्यांत त्याचें नांव घेतात. वनस्पति प्राणवायु देतात आणि गोगलगाई कुजकें पान खातात, हा त्याचा उलगडा बरोबर होता, पण अपुरा होता. त्याचा मुलगा त्या वेळीं अकरा-बारा वर्षांचा. त्याचेंही नांव रॉबर्टच. हाच मुलगा पुढें रोदॅमस्टेडच्या प्रसिद्ध शेतकी संशोधनकेंद्रांत गेला, आणि जमिनींत अमोनियाचें नायट्रेट होण्याची क्रिया एका टप्प्यांत नव्हे, तर दोन टप्प्यांत व दोन निरनिराळ्या जंतूंकडून होते, असें त्यानें १८७८ पासून पुढें कित्येक वर्षें प्रयोग करून दाखविलें. बापानें मांडलेल्या पेटीचा उरलेला अर्धा उलगडा मुलाला शेताच्या मातींत सांपडला. ते जंतु वेगळे काढून वाढविण्याचें श्रेय मात्र रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याचें. तें काम त्यानें १८९० च्या सुमारास झुरिच येथें केलें.

प्रकरण तेथें संपलें असें मात्र नव्हे. अमोनियावर जगणारी, जंतूंहूनही निराळ्या कुळांतली एक सूक्ष्म जीवजात २००५ सालीं उजेडांत आली, ती अमेरिकेंतील सिअॅटलच्या मत्स्यालयांतील एका पेटींतून. दोन टप्प्यांचें काम एकटाच करणारा जंतु २०१५ मध्यें सांपडला. त्यांतला एक हॉलंडमध्यें मासे वाढविण्याच्या यंत्रणेच्या फिल्टरमधून मिळाला. आमच्या मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्यें उघडलें. लहानपणीं तें पाहून आलेल्या माझ्या पिढीनें रंगीत मासेच काय ते पाहिले. कांचेमागें पाणी फिरविणारी व्यवस्था पाहावी, असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं.

आतां दुसऱ्या प्रयत्नाची हकीकत. या वेळीं मासे आणावयाचे नाहींत, आधीं जंतु वाढवावयाचे, असें ठरलें. पण मासे नाहींत तर अमोनिया कोठून यावा? त्याला उत्तर आमच्या ओळखीचें निघालें, तें म्हणजे नवसागर. कल्हईवाला भांडें तापवून ज्याची चिमूट टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तोच. मात्र कल्हईच्या नवसागरांत भेसळ फार. म्हणून रसायनांच्या दुकानांतून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणलें. दर लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया व्हावा, या हिशेबानें पन्नास लिटरांना ग्रॅमचा तिसरा हिस्सा, म्हणजे अडीच ते तीन गुंजा नवसागर पुरतो. जास्त टाकल्यानें काम लवकर होतें असें नाहीं. अति अमोनियानें जंतूंचीच वाढ खुंटते.

विरजण मिळालें गल्लींतल्या एका स्नेह्यांकडे. त्यांच्याकडे चार वर्षें चालू असलेली पेटी आहे. तिच्यांतला स्पंज त्यांनीं त्याच पेटीच्या पाण्यांत पिळला आणि तें चहाच्या रंगाचें पाणी मला तांब्याभर दिलें. वर स्पंजाचा एक तुकडाही कापून दिला. तो ओला राखीत लगबगीनें घरीं आणला, कारण वाळला कीं सगळें व्यर्थ. स्वच्छ पेटींत तें गढूळ पाणी ओततांना घरांतील मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. आई मात्र कांहीं बोलली नाहीं. जन्मभर शेजारणीकडून वाटीभर विरजण आणलेल्या बाईला त्यांत समजावून सांगण्यासारखें कांहीं नव्हतें.

पाण्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण येथें आपल्या भागाचा विशेष आहे. काळ्या पाषाणाच्या थरांतून येणारें आमचें बोअरचें पाणी जड; साबणाला फेंस येत नाहीं आणि बंबांत पांढरी खपली धरते. जंतूंना हें पाणी मानवतें. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचें नायट्रेट करितांना साडेचार ग्रॅमांवर प्राणवायु आणि चुन्याच्या हिशेबानें सुमारें सात ग्रॅम क्षारता खर्च होते. जड पाण्यांत ती क्षारता भरपूर असते. परंतु माशांच्या दृष्टीनें हेंच पाणी अधिक धोक्याचें. पाण्याचा पीएच ७ असतां अमोनियाचा खरा विषारी अंश शेंकडा एकाहूनही कमी असतो; पीएच ८ झाला कीं तो शेंकडा पांचांच्या घरांत जातो. तेव्हां नरम पाण्याच्या गांवीं नव्या पेटींतले मासे कसेबसे निभावले, म्हणून परभणीस निभावतीलच असें नाहीं. नळाचें पाणी वापरावयाचें, तर त्यांतलें क्लोरिन मारलें पाहिजे. फोटोग्राफर वापरीत तो हायपो, त्याचे दोन-चार खडे बादलीला पुरतात, किंवा पाणी उघड्या भांड्यांत एक दिवस राहूं द्यावें.

थंडीचे दिवस होते. परभणीच्या उन्हाळ्याची कीर्ति सर्वत्र आहे. थंडीची कमी आहे. पण येथील कृषि विद्यापीठाच्या आवारांत कांहीं हिवाळ्यांत पारा पांच अंशांच्याही खालीं उतरला आहे. गारठ्यांत हे जंतु जवळजवळ झोपींच जातात, म्हणून पेटींत लहान विजेची कांडी बसवून पाणी अठ्ठावीस अंशांवर ठेवलें. दुसरी चिंता वीज जाण्याची. पंप बंद पडला कीं स्पंजांतला प्राणवायु कांहीं तासांत संपतो. त्यासाठीं बॅटरीवर चालणारा एक पंप शेजारींच ठेवला. तो चार वेळां उपयोगीं पडला.

नातवाला मीं या उद्योगांतला भागीदार केलें. पाणी तपासण्याचे थेंब मिळतात. कांचेच्या नळींत पाणी घेऊन थेंब टाकावे आणि रंग पाहावा. अमोनिया असेल तर हिरवा, नसेल तर पिवळा. नायट्राइट असेल तर जांभळा. रोज संध्याकाळीं शुभंकरोति झाल्यावर तो रंग पाही आणि वहींत लिही. पहिले आठ दिवस हिरव्याचा हिरवाच. नवव्या दिवशीं हिरवा रंग फिकटला आणि दुसऱ्या नळींत प्रथमच जांभळी छटा आली. तो धांवत माजघरांत जाऊन “पणजी, जंतु आले!” असें ओरडला, आणि पाहुण्या आलेल्या एक बाई दचकल्या.

सतराव्या दिवशीं आदल्या दिवशीं टाकलेला अमोनिया पुरता नाहींसा झाला. अनभिज्ञ माणूस येथें फसतो. पहिल्या जातीचे जंतु तयार झाले, पण दुसऱ्या जातीचे अजून वाटेंत होते. नायट्राइट दाट जांभळें होतें. त्या दिवशीं मासे सोडले असते, तर एका विषांतून वांचून ते दुसऱ्यानें मेले असते. दर दिवसाआड अर्धा नवसागर टाकीत राहिलों. सव्विसाव्या दिवशीं सकाळीं जांभळा रंग एकाएकीं उतरला. आणखी तीन दिवस पूर्ण मात्रा देऊन पाहिली. चोवीस तासांत दोन्ही विषें शून्य. मग सांचलेलें नायट्रेट कमी करण्यासाठीं बहुतेक पाणी बदललें आणि त्याच दिवशीं मासे सोडले, कारण पेटी रिकामी राहिली तर जंतु उपाशीं पडतात. या वेळीं सोनेरी मासे आणले नाहींत. ते वाढतात मोठे आणि घाण करितात फार, पन्नास लिटरांत त्यांना ठेवणें मला अन्यायाचें वाटतें. पांच गप्पी आणले. हिवतापाचे डांस कमी व्हावेत म्हणून सरकार विहिरींत व डबक्यांत सोडतें तेच हे मासे. सगळे नरच घेतले, नाहीं तर चार महिन्यांत शंभर होतात.

दुकानांत या जंतूंच्या तयार बाटल्याही मिळतात. कांहींचा गुण येतो, हें खरें. पण हे जंतु बीजरूपानें दडून राहणारे नव्हेत. मराठवाड्याच्या वैशाखांत फळीवर महिनोन्महिने तापलेल्या बाटलींत जिवंत काय उरलें असेल, याची मला शंका आहे. चालत्या पेटीतला स्पंज मिळत असेल, तर त्यावर पैसे खर्चूं नयेत.

पुढची निगा थोडी आहे. ती बहुतांशीं काय करूं नये हीच आहे. दोन मिनिटांत संपेल इतकाच खाऊ घालावा. आठवड्यास चौथाई पाणी बदलावें. स्पंज तुंबला तरच, आणि तोही पेटींतून काढलेल्या पाण्याच्या बादलींत, दोनदां हलकेच पिळावा. नळाखालीं कधींही धरूं नये. खडे आणि स्पंज एकाच दिवशीं साफ करूं नयेत. आमच्या घरीं ही शेवटची शिस्त बसविण्यास सर्वांत अधिक त्रास पडला. काढलेलें पाणी कढीपत्त्याला व जास्वंदीला जातें. तुळशीला घालावयाचें नाहीं, असें आईनें बजावलें आहे, आणि त्यावर वाद घालण्याचें मला कारण दिसलें नाहीं.

गेल्या श्रावणांत एक गप्पी सकाळीं तळाशीं मेलेला सांपडला. नातवानें लगेच दोन्ही नळ्या काढल्या. एक पिवळी, दुसरी बिनरंगाची. हा मासा साधारण दोन वर्षें जगतो, आणि हा तर आला तेव्हांच मोठा होता. मीं आईला तसें सांगितलें.

“म्हातारपणानें गेला म्हणतोस?” तिनें विचारलें. “मग राहूं दे पेटी.”